अर्ध्या ढेकणाचं चित्र

किडा काढायचा म्हणजे आधी कागदावर मधोमध एक उभी रेघ मारायची. रेघेच्या एका अंगाला अर्धा किडा काढायचा, मन लावून, मिशीच्या टोकापासून मागच्या पायाच्या नखापर्यंत. मग त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवून ते अर्धं गिरवायचं, कागद उलटा करायचा आणि रेघेला रेघ जुळवून दुसरं अर्धं उतरवून घ्यायचं. झाला किडा पुरा. कीटकसंशोधन संस्थेच्या चित्रशाळेत हीच रीत होती; मास्तर नव्यानं नोकरीला लागले तेव्हाही हीच होती.

मास्तरांना मात्र तिच्यात नुसती सोय दिसायची नाही. निब हातात घेण्याआधी ते डोळे मिटून हात जोडायचे, आणि काम करताना काहीतरी गुणगुणत राहायचे, ठिपक्यागणिक एक सूर. "देवानं डावं-उजवं सारखं ठेवलंय," ते म्हणायचे. "आपण अर्धं काढायचं. उरलेलं त्यानं कधीच काढून ठेवलेलं असतं. आपण फक्त कागद उलटायचा."

कागद उलटायचं काम त्यांच्या सुनेकडे होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती बरी चित्रं काढायची. मास्तरांनी तिला हाताशी धरलं आणि चित्रशाळेत बसवलं. लग्न एका घरात झालं आणि सून मात्र सगळ्या इमारतीची झाली. पहारेकऱ्यापासून संचालकसाहेबांपर्यंत जो तो तिला सूनबाई म्हणायचा.

मग खालच्या खोऱ्यातल्या अणुभट्टीतून जे सुटायला नको होतं ते सुटलं. भट्टीला लागून असलेली वस्ती एका दुपारीत रिकामी केली. टेकडीवर, जिथे संस्था होती, तिथल्या लोकांना कुणी हलवलं नाही; फक्त दोन्ही रस्त्यांवर आडवे बांबू आले आणि पासाशिवाय येणं-जाणं थांबलं. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या आल्या. चित्रशाळेत आधीच शाईचा आणि स्पिरिटचा वास. आता तो बाहेर जायचाच थांबला आणि माणसांबरोबर खोलीतच राहायला लागला.

संस्थेला काम मिळालं ते ढेकणांचं. घरातले नव्हेत, झाडावरचे, पानांचा रस पिणारे, पाठीवर त्रिकोणी ढाल असलेले. हा जीव जन्मतो त्याच झुडपावर मोठा होतो, तिथलंच पितो आणि सहसा लांब जात नाही. म्हणजे जमिनीत जे मुरलंय ते याच्या अंगात उतरणार. वस्ती पुन्हा उघडायची की नाही हे राजधानीतली समिती ठरवणार होती, आणि तिला पुराव्यांत या ढेकणांची चित्रंही हवी होती. खोऱ्यातली कुठलीही वस्तू इमारतीबाहेर न्यायची नाही असा कडक नियम होता. चित्र झालं की ढेकूण शिशाच्या डब्यात जायचा आणि डबा तळघरात. बाहेर जायचा तो फक्त कागद. समितीतल्या एकानंही खोऱ्यातला ढेकूण डोळ्यांनी बघितला नव्हता. त्यांनी बघितले होते ते मास्तरांचे.

खाली उतरून ढेकूण पकडून आणायचा एक अगडबंब माणूस. दारातून आत यायचा तर तिरका होऊन. त्याला सगळे फुलपाखरू म्हणायचे.

"या, फुलपाखरू," मास्तर ट्रे पुढे ओढत म्हणाले. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लगेच काढला. "याचा पाय कुठाय?"

"कुणाचा?"

"माझ्या आज्याचा. अरे, या ढेकणाचा! उजवीकडचा मधला."

"मी नाही तोडला, मास्तर. होता तसा आणलाय."

"मग काय लंगडत आला तुझ्या जाळीत?"

"आला असेल. मी काही त्याला चालवून नाही बघितला."

"हात आहेत का सांडशी? कालच्याची मिशी गेली, परवाच्याचा पंख चुरगळला. नाजूक जीव आहे रे, पोतं नाही उचलायचं." मास्तरांनी ट्रे फिरवला. "असू दे. डावी बाजू धड आहे. भागेल."

तीही रीतच होती. जाळीत, चिमट्यात, बाटलीत किड्याची मोडतोड होतेच. म्हणून चित्रकारानं चांगली बाजू निवडायची आणि तिच्यावरून दुसरी उतरवायची. मोडका किडा मोडका काढणारा माणूस म्हणजे कामचुकार, असं मास्तरांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं आणि मास्तरांनी सुनेला.

घर म्हणजे आवारातल्याच दोन खोल्या. मास्तर, सूनबाई आणि तिचा नवरा, जो पाणीपुरवठ्यात होता, अशा तिघांना त्या पुरत होत्या. वस्ती रिकामी झाली तेव्हा तिथून नणंद आली, तिचा नवरा आला आणि नुकती रांगायला लागलेली ठमी आली. नणंदेला घरात बेबी म्हणायचे. एका मुलीची आई झाली तरी बेबीच. आता एकानं अंग टाकलं की दुसऱ्यानं ओलांडून जायचं. खाट पसरली की न्हाणीघराचं दार उघडायचं नाही. कपडे बाहेर वाळत घालायला बंदी, त्यामुळे डोक्यावर सदैव ओली दोरी. ठमी एका भिंतीपर्यंत रांगत जायची, डोकं टेकायची, वळायची आणि समोरच्या भिंतीकडे निघायची.

"अप्पा," बेबीनं जेवताना विचारलं. घरात मास्तरांना अप्पा म्हणायचे. "तुमच्या ढेकणांचा निकाल कधी लागणार हो? पास होतायत ना?"

"होतील, होतील. आत्तापर्यंत सगळे पास आहेत."

"त्यापेक्षा आमच्या घरातले ढेकूण बरे होते," जावईबापू म्हणाले. "रक्त प्यायले, पण कधी घराबाहेर नाही काढलं."

सगळे हसले. बेबी जरा जास्तच हसली आणि मग ताटात बघत म्हणाली, "वहिनी, खरं सांगू? मला दुसरं काही नको. माझ्या घरात जायचं, दार लावायचं आणि आतून कडी घालायची. एकदाच."

सूनबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. शेवटच्या प्लेटी, म्हणजे चित्रांचे शेवटचे कागद, समितीकडे गेल्या की हे होणारच होतं. बेबीनं सामान बांधायलाही घेतलं होतं.

त्यानंतरची गोष्ट. मास्तरांचा दात ठणकायला लागला म्हणून ते दवाखान्यात गेले. टेबलावर त्यांचा अर्धा ढेकूण तयार होता, डावा, नेहमीसारखा देखणा. सूनबाईनं ट्रेसिंग लावलं. मधल्या रेघेपाशी ढालीची कड कुठे वळते ते नीट कळेना, म्हणून तिनं खात्री करायला मायक्रोस्कोपला डोळा लावला. एरवी तिला कधी बघावंच लागलं नव्हतं. ती कागदावरून कागदावर जायची. किडा मास्तरांनी बघितलेला असायचा.

ढालीची कड दिसली. आणि नजर सहज पलीकडे गेली.

उजवी मिशी आखूड होती. तुटलेली मिशी कशी दिसते ते सूनबाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. टोक उघडं, आत पोकळ, कड फाटकी. ही तशी नव्हती. हिचं टोक गोल होतं, मिटलेलं, त्यावर बारीक लव होती. ही मोडली नव्हती. ही वाढलीच एवढी होती.

तिनं त्याच ट्रेमधला दुसरा ढेकूण भिंगाखाली घेतला. त्याचे दोन्ही पंख ठीक होते. तिसऱ्याचा एक पंख मुळापासूनच अरुंद. पुढे एक धड, मग एक, ज्याला एक पाय कधी फुटलाच नव्हता असा. ज्याच्यावरून फुलपाखरानं बोलणी खाल्ली, तोच, चित्र व्हायचं राहिलेला. आत्तापर्यंत किती कागद उलटले होते तिनं? आणि त्या कागदांवरचे ढेकूण तर तळघरात, शिशाखाली.

वर कपाटांत अपघाताच्या आधीच्या, टाचणीनं टोचून ठेवलेल्या ढेकणांच्या पेट्या होत्या. ती धावत वर गेली. याच खोऱ्यातले, याच जातीचे. काहींच्या मिश्या तुटलेल्या होत्या, पण उघड्या टोकांनी. वाकडा एकही सापडला नाही. तिनं जुनी चित्रंही उघडली आणि लगेच मिटली. तीही उलटवलेलीच. त्यांना विचारून काय उपयोग?

मास्तर गाल धरून परत आले, तेव्हा ती दारातच उभी होती.

"अप्पा, हे तुटलेलं नाहीये. बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "लहानपणी तुटलं असेल. कात टाकताना पुन्हा फुटलं, अर्धंमुर्धं. होतं असं."

"एकाचं होईल. या ट्रेमध्येच तीन-चार आहेत."

"फुलपाखराचे हात..."

"पाय नसलेल्या जागी भोकसुद्धा नाहीये, अप्पा. त्यानं काय पाय तोडून वर गिलावा केला?"

मास्तर कधी तिच्यावर आवाज चढवत नसत. आत्ताही चढवला नाही. पण गालावरचा हात काढून त्यांनी ट्रे झाकला. "सूनबाई, किडा काढायचा तो त्याच्या जातीचा. एकेकाची व्यंगं काढत बसायची नसतात. देवानं ज्या रूपात घडवला त्या रूपात तो कागदावर जायला पाहिजे. मोडलेलं आपण सांधून देतो. ही सेवा आहे. मी जन्मभर हेच केलंय."

तिनं ट्रेसिंग गिरवलं नाही, एवढंच.

दोन खोल्या भरलेल्या असल्यावर नवरा-बायकोला बोलायला जिना तेवढा उरतो. तिथे ती नवऱ्याला म्हणाली, "समितीनं ती चित्रं बघून होकार दिला, तर बेबी ठमीला घेऊन खाली जाईल."

"हो."

"आणि मी बोलले, तर वस्ती बंद."

"मग आपण सगळे इथेच. किती वर्षं, देव जाणे." तो पायरीवर बसला होता, उठून उभा राहिला, पुन्हा बसला. "अप्पांचं नाव जाईल ते वेगळंच. मला विचारू नकोस गं. मी तिचा भाऊ आहे. जाऊ दे म्हणायला तोंड उघडत नाही आणि थांब म्हणायलाही."

"मी काय करू मग?"

"ते मी तुला विचारणार होतो."

आतून ठमीच्या रडण्याचा आवाज आला आणि बोलणं तिथेच थांबलं. सूनबाई रोज देवाशी दोन शब्द बोलायची, जसं घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावं तसं. त्या दिवशी म्हणाली, मला दिसलं नसतं तर चाललं नसतं का रे? पण दाखवलंस. आता डोळे मिटायचे कसे तेवढंही दाखव. उत्तर आलं नाही. तेव्हा तिला कळलं की उत्तर काय आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं फुलपाखराला जिन्याखाली गाठलं.

"मला पिल्लं पाहिजेत. जिवंत. शेवटची कात टाकायला आलेली."

"जिवंत? बाळंतपण करायला घेतलंत की काय, सूनबाई?"

"तसंच समज. फांदीसकट आण. त्यांना हात लावायचा नाही, चिमटा लावायचा नाही."

"म्हणजे माझ्या सांडशीचा भरवसा नाही."

"तुझ्यावरचा आळ काढायचाय."

तो थांबला. एवढा मोठा माणूस, पण क्षणभर त्याचा चेहरा शाळेत कुणीतरी बाजू घेतलेल्या पोरासारखा झाला. "मग आणतो," तो म्हणाला. "मास्तरांनी इतके पाय माझ्या नावावर मांडलेत, की देवाच्या दारात मला गोम म्हणून उभं करतील."

बरण्या आल्या. जाळीदार कापडानं तोंड बांधलेल्या, आत ओल्या कापसात खोचलेली फांदी आणि फांदीवर बिनपंखांची पिल्लं. पाठीवर दोन्हीकडे पंखांच्या घड्यांचे फुगवटे, सारखेच. सूनबाईनं बरण्या मास्तरांच्या टेबलाशेजारी ठेवल्या. मास्तर पाठ करून बसले.

पण माणूस जन्मभर किडे बघत आलेला. किती वेळ पाठ करणार? आधी ते पाणी पिण्याच्या निमित्तानं उठायला लागले. मग बरणीवरची धूळ पुसायच्या निमित्तानं. मग सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायला लागले. "पानं बदल," एकदा म्हणाले, "सुकलीत. उपाशी मारशील त्यांना." सूनबाईनं पानं बदलली.

संचालकसाहेब आले ते भर दुपारी. हातात शेवटच्या प्लेटींचं पाकीट होतं.

"मास्तर, तेवढ्या सह्या. गाडी थांबलीये. तुमच्या सहीशिवाय समिती कागद हातात घेत नाही."

"श्श!" मास्तर म्हणाले.

साहेबांना 'श्श' म्हणणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. साहेब बिचारे पाकीट छातीशी धरून गप्प झाले. बरणीत एक पिल्लू फांदीला उलटं लोंबत होतं आणि त्याची पाठ मधोमध उकलली होती.

तिघे वाकून बघत राहिले. आधी पाठ बाहेर आली, फिकट, ओली. मग डोकं. मग एकेक पाय, मोजा काढावा तसा. जुनी कातडी फांदीवर तशीच राहिली आणि नवा ढेकूण तिच्यावर बसून दम घेऊ लागला. पंख ओल्या कागदाच्या बोळ्यांसारखे होते. हळूहळू डावा उलगडायला लागला. घडी सुटली, कड सरळ झाली, पंख पाठीवर नीट आडवा पडला.

उजवा तसाच होता.

"थांब," मास्तर म्हणाले. कुणी काही म्हटलं नव्हतं. "थांब, भरेल. मागून भरतो कधी कधी."

त्यांनी खुर्ची ओढली. साहेबांचा ड्रायव्हर दारात येऊन गेला. ढेकूण फिक्याचा पिवळट झाला, पिवळट्याचा हिरवा. मास्तर ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. सूर नव्हता त्याला. अंगावर रंग चढला, अंग कडक झालं. आता भरायची वेळ टळली होती, हे तिथे दोघांना ठाऊक होतं. उजवा पंख चुरगळलेला, अर्ध्या पाठीवर, तसाच वाळला.

"याला कुणी हात लावला नव्हता," मास्तर म्हणाले.

"कुणीच नाही, अप्पा."

बाकीच्या बरण्यांत काही आधीच बाहेर आले होते. मास्तरांनी एकेक बरणी उचलून उजेडाकडे धरली. बरेच धड होते. बरेच नव्हते. वरून जुन्या पेट्या मागवल्या, त्याही बघितल्या.

"मास्तर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "माझंही घर खालीच आहे. आई रोज विचारते, कधी जायचं म्हणून. मी काय सांगू तिला? चित्रं झालीत, सुंदर झालीत..."

"सुंदर झालीत, तोच घोळ झालाय, साहेब." मास्तरांनी पाकीट घेतलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं. "आणि आधी गेलेल्यांवरच्या सह्या मी मागे घेतो. का, ते मी लिहून देतो. फक्त यांची नवी चित्रं होईपर्यंत गाडी थांबवा."

"नाही थांबली तर?"

"तर माझ्या जागी तुमची सही करून बघा. तुमची आई आहे, तुमचा निर्णय आहे."

साहेब मग खिडकीशी गेले. सवयीनं खिटीला हात घातला, चिकटपट्टी हाताला लागली, हात मागे घेतला. "थांबवतो गाडी," ते म्हणाले आणि निघून गेले.

मास्तरांनी कागद घेतला. हात जोडले. मधोमध रेघ मारली. हाताला तेच माहीत होतं. आणि मग उजवीकडून सुरुवात केली, चुरगळलेल्या बाजूनं. एकेक सुरकुती, एकेक मुरड. धड बाजू काढताना त्यांचा हात कधी अडायचा नाही; आज जागोजाग अडत होता. सूनबाई पलीकडे बसून दुसरा ढेकूण काढत होती, आख्खा. ट्रेसिंगचे कागद कोपऱ्यात पडून होते.

"इतकी वर्षं वाटायचं," मास्तर निब न उचलता म्हणाले, "मोडलेलं सांधून दिलं की देवाची अब्रू राखली. पण ही मोड त्याची नव्हतीच गं. ही आपल्या माणसांनी केलेली. आणि मी ती त्याच्या नावाखाली झाकत बसलो होतो."

"मीही कागद उलटतच होते, अप्पा."

"तू बघितलंस तरी. काढ, काढ. शाई वाळेल."

घरी त्यांनी स्वतःच सांगितलं. सूनबाई तोंड उघडणार, तेवढ्यात हातानं थांबवलं.

"बेबी, खालचं घर इतक्यात उघडायचं नाही. मी चित्रं बदलून पाठवलीत."

बेबी सामानाची दोरी आवळत होती. "म्हणजे?"

"आधीची चुकीची होती. ढेकूण धड नाहीत तिथले."

"म्हणजे तुमच्या हातात होतं?" ती दोरी धरूनच उभी राहिली. "आम्ही जायचं की नाही, हे इतके दिवस तुमच्या हातात होतं? आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"ठमीसाठी..."

"ठमीचं नाव नका घेऊ! ठमी इथे भिंतीला डोकं आपटतीये ते दिसत नाही तुम्हाला. किड्याचा पंख दिसतो."

जावईबापू म्हणाले, "निदान आम्हाला विचारायचं तरी, अप्पा. घर आमचं आहे." ते बाहेर जायला उठले. खाट आडवी होती. ती ओलांडताना दोरीवरचे ओले कपडे तोंडावर आले. दाराशी पोचले, तेव्हा बाहेर जाऊन करायचं काय हे त्यांना सुचलं नाही. तिथेच उंबऱ्यात बसले.

"अप्पांना कुठलं सुचतंय हे," बेबी सूनबाईकडे वळली. "हे तुझं आहे, वहिनी. पाठीवर हात ठेवतेस आणि..."

"माझंच आहे," सूनबाई म्हणाली.

भांडण व्हायलाही जागा लागते. बेबीनं भिंतीकडे तोंड केलं तर तिथे मास्तरांची उशी. खिडकीकडे केलं तर चिकटपट्टी. शेवटी तिनं ठमीला उचललं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला.

समितीचं उत्तर आलं. वस्ती बंद राहील, पुढली सूचना येईपर्यंत. पुढली सूचना कधी येईल याबद्दल त्यात काही नव्हतं. फुलपाखरू पुन्हा खाली उतरू लागलं, मास्तर आणि सूनबाई आख्खे ढेकूण काढू लागले. मास्तरांना एका किड्याला दुप्पट वेळ लागायचा. डोळे पुसत, पाणी पीत काढायचे. फुलपाखरानं ट्रे ठेवला की आता ते "ठेव बाबा" म्हणायचे, आणि त्याला ते शिव्यांपेक्षा जड जायचं. "दोन शब्द बोला की मास्तर," तो म्हणायचा, "सवय झालीये."

घरात बेबी बोलायची ती ठमीमार्फत. "ठमे, मामीला सांग, बादली दे." "ठमे, मामीला म्हणावं, तिकडे सरक, मला कपडे काढायचेत." ठमीला अजून बोबडंही बोलता येत नव्हतं. सूनबाई बादली द्यायची, सरकायची. एकमेकींच्या अंगाला अंग लागायचं आणि दोघी काही न झाल्यासारख्या पुढे जायच्या. सूनबाईनं मनाला समजावलं होतं की हे असंच चालणार. आपण केलं ते बरोबर होतं, आणि बरोबर केल्याचं कुणी कौतुक करावं एवढी जागा या दोन खोल्यांत नव्हती.

एका दुपारी ती दमट कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तर डुलकी काढत होते, बाकीची पुरुष माणसं कामावर.

"वहिनी."

तिनं मान वर केली. बेबी खिडकीशी बसली होती. मांडीवर ठमी, अंगातलं झबलं काढलेलं.

"इकडे ये. इथे उजेड आहे."

सूनबाई उठून गेली, समोर बसली.

"तुला बघता येतं," बेबी म्हणाली. तिच्याकडे न बघता, ठमीकडेच बघत. "हिचे हात बघ."

"काय झालंय हाताला?"

"काही नाही झालेलं. बघ म्हणते ना. दोन्ही सारखे आहेत का ते बघ."

सूनबाईनं ठमीचा डावा हात तळव्यावर घेतला. बोटं, बोटांची पेरं, नखं, मनगटावरची वळी, कोपर. मग उजवा. ठमीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली आणि हात ओढून घ्यायला लागली; बेबीनं तिला घट्ट धरलं.

"सारखे आहेत."

"पाय?"

सूनबाईनं पाय बघितले. टाचा, घोटे, एकेक बोट वेगळं करून. "पायही सारखे आहेत."

"कान बघ. मागून."

"कानही."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, बेबी."

बेबीनं मान हलवली. झबलं उचललं, ठमीचा एक हात बाहीत घातला. दुसरा घालता घालता थांबली. मग पहिलाही हळूच बाहेर काढला आणि झबलं बाजूला ठेवलं.

"परत बघ," ती म्हणाली.